कूलरच्या खोलीतलं माकड

ते माकड माझ्या मुठीत मावेल एवढं होतं आणि मला ते नको होतं. पहिल्याच दिवशी मी तसं सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

संक्रांत होऊन गेली होती. नवऱ्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. माझा मुलगा नागपुरात गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या ठोक दुकानात कामाला आहे, सून एका शाळेच्या ऑफिसात आहे. दोघं सकाळी डबे घेऊन निघतात ते दिवेलागणीला येतात. त्यांची मुलगी पुण्याला शिकते, तिचा या गोष्टीशी संबंध नाही. नंदनवन भागातल्या आमच्या घरात दिवसभर मी एकटी असते.

त्या संध्याकाळी मुलगा दुपट्ट्यानं झाकलेला पिंजरा घेऊन आत आला. तोंडावर लहानपणी परीक्षेचा निकाल आणायचा तसं हसू.

"आई, पाहा काय आणलं तुह्यासाठी."

"काय हाये?"

"माकड."

"मले काहून माकड?"

"सोबत होईन नं तुले. दिवसभर एकटी राहते."

"एकटी राहते, असं मी म्हटलं का तुले? मी आराम करून राहिली."

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करते.

मी गंमत करत नव्हते. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात कुणी ना कुणी अंथरुणाला होतं. आधी सासू, मग सासरे. शेवटी नवरा, अर्धं अंग गेलेला. चमच्यानं भरवणं, कूस बदलून देणं, चादरी धुणं, औषधाच्या वेळा. नवरा गेला तेव्हा मी रडले. पण तेरवी झाल्यावर एका सकाळी जाग आली आणि कळलं, की आज कुणाला उठवायचं नाही, कुणाचं अंथरूण काढायचं नाही. मी पुन्हा झोपले. पुढचं वर्षभर मी जवळजवळ तेच केलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. बोलायला माझ्याजवळ काही नव्हतं आणि ते बरं वाटत होतं.

अन् आता हे.

दुपट्टा काढला तर आत सोनेरी-तपकिरी लोकरीचा गोळा बसलेला. मानेभोवती आयाळ, शेपटी अंगापेक्षा लांब आणि तिच्यावर पट्टे, बोटं काडेपेटीतल्या काडीपेक्षा बारीक. तोंड मात्र म्हाताऱ्या माणसाचं. मान पार मागे फिरवून ते माझ्याकडे बघत होतं. मीही बघितलं. दोघांनाही काही पसंत पडलं नाही.

जगातलं सगळ्यात लहान माकड, असं मुलानं सांगितलं. मार्मोसेट की असंच काही नाव. अॅमेझॉन नावाची नदी आहे समुद्रापार, तिच्या जंगलातलं. पक्षी आणि मासे विकणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून आणलं म्हणाला. त्यानं कुठून आणलं, ते याला ठाऊक नव्हतं आणि यानं विचारलंही नव्हतं. मोबाइलवर त्यानं मला ते जंगल दाखवलं. झाडावर झाड, वेलीवर वेल, सगळीकडून पाणी ठिबकतंय. ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही, असा एक माणूस हिंदीत सांगत होता. हे वाक्य आम्ही तिघांनीही नीट ऐकलं, आणि पुढचं सगळं त्या वाक्यामुळं झालं.

पिंजरा माझ्या खोलीत आला, कारण दिवसा घरात मीच. केळं कापून द्या, पाणी बदला, खालचा कागद काढा. एक अंथरूण संपलं होतं, दुसरं सुरू झालं. एवढंच, की ते लहान होतं.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. पहिल्याच शनिवारी समोरच्या घरातली माझ्याच वयाची शेजारीण दारात उभी. हातात रुईच्या पानांची माळ, वाटीत तेल, पुडीत शेंदूर. मागे आणखी दोघी, त्यांच्याजवळ चणे अन् गूळ.

"दर्शन घेऊ दे वं," ती म्हणाली.

"कोणाचं?"

"मारुतीचं. अजून कोणाचं?"

"हा मारुती नोय. हा परदेशातला हाये."

"मंग? मारुती काय फक्त नंदनवनचा हाये का वं? तो तं समुद्र ओलांडून गेला होता."

"हा इकडून नाही गेला, तिकडून आला."

"वापस आला असंन!"

तिच्यापुढे कुणाचं चालत नाही. तेल मी पिंजऱ्यापर्यंत जाऊ दिलं नाही, माळ मात्र पिंजऱ्याला लागली. चणे आत पडले. माकडानं एक चणा उचलला, वास घेतला आणि खाली टाकला. तिघींनी हात जोडले. त्यानंतर दर शनिवारी हेच. माझ्या पलंगाशेजारी देऊळ झालं आणि मला दुपारी आडवं होता येईना.

होळी झाली आणि ऊन तापायला लागलं. नागपुरात होळीनंतर घर कसं लावायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. कूलर माळ्यावरून निघतो, त्यात वाळ्याच्या नव्या ताट्या बसतात, टाकी भरली जाते. ज्या खोलीत कूलर लागतो ती खोली बाकीच्या घरापासून तोडून टाकायची. दारं लोटून घ्यायची, खिडक्यांना जाड पडदे, उजेड येईल ती फट कापडानं बुजवायची. उजेड आला की ऊन आलं. घरातलं जे माणूस सगळ्यात नाजूक, बाळंतीण असो की म्हातारा, त्याला त्या खोलीत ठेवायचं. माझा नवरा शेवटचे उन्हाळे त्याच खोलीत होता.

त्या वर्षी नाजूक कोण, यावर वाद झाला नाही. मुलगा म्हणाला, हे ओल्या अंधाऱ्या जंगलातलं जनावर, याला नागपूरचं ऊन एक दिवस सोसणार नाही. सून म्हणाली, दोन्ही ताट्या वाळ्याच्याच घ्या, लाकडी भुश्याच्या नको, वास येतो. मी म्हटलं, खिडकीला बाहेरूनही ताटी बांधा. मोठ्या कौतुकानं आम्ही ते जंगल तयार केलं. अंधार, गारवा, ओल, वाळ्याचा वास. कूलर दिवसरात्र सुरू. खोलीत गेलं की अंग शहारायचं. मी पण तिथंच झोपायची.

माकड पहिले काही दिवस इकडून तिकडे उड्या मारायचं. मग उड्या लहान झाल्या. मग ते वरच्या काडीवरून मधल्या काडीवर आलं आणि मधल्या काडीवरून तळाला. सूनबाई म्हणाली, गारव्यात सुस्तावलं. मुलगा म्हणाला, माणसाळलं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला एक दिवस मी केळ्याची फोड पुढे धरली तर ते घ्यायला आलं, पण मागचा एक पाय फरफटत आला. तो पाय मधेच वाकला होता, सांधा नसतो तिथं.

मी असले पाय पाहिलेले नाहीत, पण उठवत नाही ते अंग कसं दिसतं हे मला ठाऊक आहे. मुलाला फोन केला. तो म्हणाला, संध्याकाळी पाहू. मी म्हटलं, तू पाहा संध्याकाळी. पिंजरा भाजीच्या पिशवीत ठेवला, वरून ओला पंचा टाकला आणि ऑटो करून सक्करदऱ्याला गेले. तिथं जनावरांची एक डॉक्टरीण बसते, एवढं माहीत होतं. बाहेर कुत्री आणि एक बकरी घेऊन लोक बसले होते. एका माणसानं विचारलं, "आजी, पिशवीत काय, मांजर?" मी म्हटलं, "तुले काय करायचं?"

डॉक्टरीण माझ्या सुनेच्या वयाची. माकड पाहून आधी तिनं दार लावून घेतलं.

"आजी, हे कुठून आणलं?"

"पोरानं आणलं. ते नंतर विचारा. पाय पाहा."

तिनं पाय पाहिला, मग शेपटी, मग जबडा. बोटाच्या टोकानं, हलकेच. मग विचारलं, "ऊन देता का याला?"

"ऊन? उन्हापासून तं वाचवून ठेवलं, बाई. कूलरच्या खोलीत हाये. रात्रंदिवस पाणी चालू."

"खिडकी?"

"खिडकीले ताटी."

"केव्हापासून?"

"होळीपासून."

आत नेऊन तिनं हाडांचा फोटो काढला आणि उजेडासमोर धरून मला दाखवला. नवऱ्याचे असले फोटो मी खूप पाहिले होते. त्याची हाडं चुन्यासारखी पांढरी दिसायची. याची धुरासारखी होती. कुठं हाड संपतं आणि कुठं मांस सुरू होतं, ते कळत नव्हतं.

मग तिनं समजावून सांगितलं. ही माकडं जंगलाच्या पोटात खोल राहत नाहीत. नदीच्या काठाला राहतात. काठावर जंगल उघडं पडतं, वेली खाली लोंबतात आणि सकाळचं ऊन सरळ अंगावर येतं. ती फांदीवर पोट टेकून ते ऊन घेतात. त्या उन्हातूनच यांची हाडं तयार होतात, आपल्यापेक्षा यांना ते जास्त लागतं. काचेतून आलेलं ऊनही चालत नाही. आणि केळी-बिळी हे यांचं खरं खाणं नव्हेच. ती झाडाच्या सालीला दातानं भोकं पाडतात, भोकातून डिंक येतो, तो चाटतात. वर किडे खातात. एका झाडाला अशी शेकडो भोकं असतात. डिंक संपला की आख्खं कुटुंब दुसरं झाड धरतं.

"डिंक?" मी विचारलं. "लाडवाचा?"

"बाभळीचा असेल तर चालेल."

"वाचंन का?"

"तुम्ही केलं तर."

हे मी ऐकलेलं आहे. माझ्या आयुष्यात जितके डॉक्टर आले, त्या सगळ्यांनी शेवटी माझ्याकडे बघून हेच म्हटलं. गोळ्या ते देतात, करायचं मी. मी खुर्चीवर बसले होते, गुडघे दुखत होते, आणि मला इतका कंटाळा आला की वाटलं पिशवी इथंच ठेवून निघून जावं.

"अन् नाही केलं तं?"

"तर नाही," ती म्हणाली.

तिनं गोड बोलून फसवलं नाही. म्हणून मी पिशवी उचलली. दाराशी गेले तेव्हा ती म्हणाली, "आणि आजी, त्याला 'ते' म्हणू नका. ती आहे. मादी."

शनिवारी शेजारीण माळ घेऊन आली तेव्हा मी तिला ते सांगितलं. ती पायरीवरच थांबली.

"मादी? खरंच का वं?"

"डॉक्टरीण म्हणाली."

"इतके शनिवार मी तेल घेऊन येऊन राहिली अन् तू आता सांगतं? मंग आता मी काय करू?"

"हळदीकुंकू कर."

ती रागानं गेली. थोड्या वेळानं परत आली आणि विचारलं की लंगडते कशानं. मी सांगितलं, आता रोज सकाळी गच्चीवर ऊन द्यायचं हेही. शेजारणीनं चण्याची पुडी कमरेला खोचली आणि म्हणाली, "मंग गच्चीवर नेशीन कशी? तुह्या गुडघ्यानं?"

तोच प्रश्न होता. मुलानं डोक्याला हात लावला, दुकानदाराला शिव्या दिल्या, स्वतःलाही दिल्या. सून रडली. चूक कुणाची, यावर बोलत बसायला मला वेळ नव्हता. खोलीतला कूलर बंद केला. बाहेरची ताटी सोडवली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी ऊन कोवळं असेतो पिंजरा गच्चीवर.

गच्चीला जिना आहे, कठडा आहे, आणि मला एका वेळी एक पायरी चढता येते. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं भिंत. वर कावळे आणि एक बोका, म्हणून काठी घेऊन शेजारी बसावंच लागे. पिंजऱ्याच्या अर्ध्या भागावर पोतं टाकायचं, म्हणजे तिला नको झालं तर सावलीत सरकता यावं. पहिल्या दिवशी ती सावलीतच बसली. दुसऱ्या दिवशी एक हात उन्हात ठेवला. मग हळूहळू सगळं अंग. पोट टेकून, हातपाय चारी दिशांना टाकून, ओल्या फडक्यासारखी पसरायची. डोळे मिटायचे. मला हेवा वाटे. ऊन डोक्यावर यायच्या आत खाली उतरायचं, कारण मे महिन्यातलं नागपूर कुणाची हाडं बनवत नाही.

डिंक घरात होता. सुनेनं थंडीत लाडू करायला इतवारीच्या बाजारातून आणला होता, निम्मा डब्यात उरला होता. मी तो भिजवला आणि वाटीत दिला. तिनं हुंगला आणि पाठ फिरवली. मग डॉक्टरणीचं बोलणं आठवलं. मागच्या रिकाम्या प्लॉटमधून मनगटाएवढी बाभळीची फांदी तोडून आणवली, खिळा ठोकून तिला भोकं पाडली, भोकांत डिंक भरला आणि फांदी पिंजऱ्यात उभी केली. ती फांदीजवळ सरकली. माझी भोकं तिनं एक एक तपासली. चाटून साफ केली. आणि मग माझ्या भोकांच्या शेजारी स्वतःच्या दातांनी दुसरी पाडायला लागली. माझी पसंत पडली नसावीत. इतक्या महिन्यांत ती स्वतःहून काही करते आहे असं मी पहिल्यांदा पाहिलं.

किड्यांचं काम सुनेकडे गेलं. कूलर बंद झाला तरी त्याच्याखाली ओल होती आणि ओलीत रातकिडे. शाळेच्या ऑफिसात वातानुकूलित खोलीत बसणारी माझी सून वाटी घेऊन जमिनीवर ओणवी व्हायची आणि झडप घालायची. तिचा नेम चांगला निघाला. "आई, सांगू नका कोणाले," म्हणायची. मी शेजारणीला सांगितलं.

एक गोष्ट मला गच्चीवरच कळली. ती शीळ घालायची. बारीक, कानाला टोचेल अशी, सुईसारखी. एकदा घालायची आणि मग मान फिरवून ऐकत बसायची. पुन्हा घालायची, पुन्हा ऐकायची. समोरच्या तारेवर पोपट ओरडत, खाली भंगारवाला ओरडे. ते सगळं सोडून ती दुसरंच काही ऐकायचा प्रयत्न करायची. खालच्या खोलीतही घालत असणार. कूलरच्या घरघरीत आम्हाला ऐकू आली नसेल आणि तिलाही उत्तर आलं की नाही ते कळलं नसेल. आता गच्चीवर शांततेत कळत होतं, की येत नाही.

डॉक्टरणीकडे फेऱ्या सुरू होत्या. एकदा मी तिला शिळेचं विचारलं.

"घरच्यांना बोलावते," ती म्हणाली. "ही कुटुंबानं राहतात. यांना जुळीच होतात बहुतेक. बाप पोरं पाठीवर घेऊन हिंडतो. मोठी भावंडंही घेतात."

"अन् आई?"

"पाजते आणि परत बापाकडे देते."

"जनावराले अक्कल हाये," मी म्हटलं. ती हसली, पण मी खरंच म्हटलं होतं.

मग तिनं सांगितलं, की पाय वाकडाच राहील, पण हाड धरायला लागलं आहे. बरी झाली तर घरात ठेवू नका. एकटं ठेवलं तर ही जगत नाहीत, नुसती राहतात. बाहेरगावी अशा जनावरांचं एक केंद्र आहे, तिथं याच जातीची आणखी आहेत. वनखात्यात जाऊन सांगावं लागेल. आणि हे उशीर न करता करा.

घरी येऊन मी मुलाला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. आज करू, उद्या करू म्हणाला. नवतपा आला, मेअखेरचे नऊ जळते दिवस, त्या दिवसांत कुणी दुपारी बाहेर पडत नाही, तेवढं कारण त्याला पुरलं. नवतपा गेला. ती आता मधल्या काडीवर चढायला लागली होती. मुलानं तिचे व्हिडिओ काढले, दुकानातल्या लोकांना दाखवले. एका रविवारी जेवताना म्हणाला,

"आता तं बरी झाली नं, आई. राहू दे."

"नाही."

"तुह्याशिवाय राहत नाही ते. तुले ओळखते."

"मले ती डिंकासाठी ओळखते. नेऊन दे."

"अन् तिथं मले विचारलं, कुठून आणली, तं काय सांगू? माह्याजवळ कागद नाही, काही नाही. मले आत टाकतीन."

"हे आणताना सुचायले पाहिजे होतं."

"तुह्यासाठीच तं आणली मी!"

"माह्यासाठी आणली नं? मंग माह्या म्हणण्यानं जाऊ दे."

तो ताटावरून उठला. सून म्हणाली, "अहो, जेवा तरी." तो हात धुऊन आला आणि उभ्यानंच बोलायला लागला. इतका मोठा माणूस, केस पांढरे झालेले, पण आवाज लहान मुलासारखा कापत होता.

"बाबा गेले तवापासून तू बोलतच नोती. मी दारातून आलो की भिंतीकडे तोंड. सकाळी निघालो तरी भिंतीकडे तोंड. मी दुकानातून फोन करत होतो, तू उचलत नोती. मले वाटे, एखाद दिवशी घरी येईन अन् तू बी गेली असशीन. मंग काय करू मी? दुकान सोडून तुह्यापाशी बसू? काही तं आणून द्यावं म्हटलं, ज्याच्यासाठी उठावं लागंन तुले."

हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं, स्वतःला बसायला वेळ नाही म्हणून त्यानं माकड आणून बसवलं.

"मी मरून नोती राहिली," मी म्हटलं. "मी थकली होती. थकलेल्या माणसाले झोपू द्या लागते. त्याले माकड नाही द्या लागत."

"अन् आता नाही थकली?"

"आता जास्त थकली. रोज तो जिना चढून राहिली. तिचं हाड झालं, माहं राहिलं नाही. अन् तिले मी पुरत नाही. मी कितीही केलं तरी ती शीळ घालते अन् मले ती शीळ घालता येत नाही. तू येत नसशीन तं मी ऑटो करून जाईन."

सुनेनं त्याचं ताट झाकून ठेवलं.

सोमवारी सकाळी मी पिशवी भरत होते तर तो दुकानाचे कपडे न घालता बाहेर आला. सुट्टी टाकली म्हणाला. गाडीवर मागे मी, मांडीवर पिंजरा, पिंजऱ्यावर ओला पंचा. चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा ती आतून शीळ घालायला लागली. बाजूच्या गाडीवाला इकडेतिकडे बघायला लागला, कुठला पक्षी म्हणून.

वनखात्याच्या ऑफिसात पंखे होते आणि बाक होतं. आम्हाला बसवून ठेवलं. मुलाच्या शर्टाची पाठ ओली झाली होती. मग एका साहेबानं आत बोलावलं. त्यानं आधी पिंजऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आजी, हे कोणाचं?"

मुलगा काही बोलायच्या आत मी म्हटलं, "आणलं यानं. सांभाळलं मी. ना याचं, ना माझं. मरू नये म्हणून तुमच्याकडे आणलं."

"माहीत नव्हतं का असं ठेवू नये?"

"नव्हतं. आता झालं."

त्यानं मुलाला बरंच विचारलं. मुलानं खरं खरं सांगितलं, दुकान कुठं ते पण. पुढे त्याला तिथं चकरा माराव्या लागल्या, अजून मारतो. मारू दे. डॉक्टरणीनं तिथं फोन करून ठेवला होता, म्हणून कुणी ओरडलं नाही. दोन माणसं दुसरा पिंजरा घेऊन आली, आमच्यापेक्षा मोठा, आत फांद्या होत्या. काय खाते विचारलं. मी डिंकाचं सांगितलं, बाभळीची फांदी बरोबर आणलीच होती. तिनं स्वतः पाडलेली भोकं कोणती आणि माझी कोणती, हेही दाखवलं. ते ऐकत होते की नाही, ठाऊक नाही.

तिला हातात घेऊन मी त्या पिंजऱ्याच्या दाराशी धरलं. ती आत जाईना. माझा अंगठा तिनं दोन्ही हातांनी धरला आणि वाकड्या पायानंही. एक माणूस पुढे आला आणि एक एक बोट सोडवायला लागला. जोर लावावा लागला त्याला. चैत्रात त्याच बोटांना काडी धरवत नव्हती. मी त्या माणसाला म्हटलं, "सावकाश. तुटायचं नाही आता, पण सावकाश."

दार लागलं. आम्ही घरी आलो.

मुलगा दुपारी जेवला आणि दुकानात गेला नाही. सून संध्याकाळी आली, डब्यात उरलेल्या डिंकाकडे बघून म्हणाली, "आई, थंडीत याचे लाडू करायचे का?" मी म्हटलं, "तू कर. मी बसून सांगीन." शेजारीण शनिवारी सवयीनं आली, रिकामी जागा पाहिली, चणे मलाच दिले. आम्ही दोघींनी ते खाल्ले.

डॉक्टरणीनं दिवाळीच्या आधी मुलाच्या फोनवर एक व्हिडिओ पाठवला. जाळीची मोठी खोली, वर उघडी, आत खरी झाडं. एका फांदीवर तीन माकडं उन्हात पोट टेकून पडलेली, सगळी सारखीच. मी पाय शोधत होते. मधल्या माकडाचा मागचा पाय वाकडा होता.

"आवाज मोठा कर," मी म्हटलं.

एकानं शीळ घातली. पलीकडून, जे दिसत नव्हतं त्या झाडावरून, लगेच दुसरी आली. मग फांदीवरचं कुणीतरी पुन्हा. कोणती तिची, मला सांगता यायचं नाही.

"अजून एकदा लावू का?" मुलानं विचारलं.

"नको. दिसलं."

मी पलंगावर आडवी झाले आणि भिंतीकडे तोंड केलं. तो गेला नाही. पलंगाच्या पायथ्याशी बसला, फोन बाजूला ठेवला आणि बसूनच राहिला. तेवढं चालतं. मला झोप लागली.